९८ आणि ९५ : तुझी बेरीज बरोबर आहे, घोळ पुढे आहे

तुझ्या पोस्टमधले ९८ आणि ९५ हे दोन आकडे माझ्याही जुन्या वहीत आहेत, लाल पेनाने गोल केलेले, बाजूला तीन प्रश्नचिन्हं. म्हणून लिहितेय, नाहीतर मी इथे फक्त वाचते. वयाने लहान वाटतोस म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नकोस.

तुझा प्रश्न थोडक्यात असा की संडे स्कूलच्या हॉलसाठी बायबलातल्या राजांचा कालपट करायला घेतलास, शलमोनाचं राज्य उत्तरेचं इस्राएल आणि दक्षिणेचं यहूदा असं फुटलं तेव्हाचे पहिले राजे रहबाम-यराबाम, तिथपासून येहूच्या बंडापर्यंत इस्राएलच्या राजांची वर्षं ९८ भरतात, यहूदाची ९५, आणि त्या बंडात दोन्हीकडचे राजे तर एकाच वेळी मारले गेले. पुढे यरुशलेमचा पाडाव एका पुस्तकात इ.स.पू. ५८७, दुसऱ्यात ५८६, आणि शेजारचे बेने इस्राएल (मराठी ज्यू) काका म्हणतात त्यांच्या परंपरेत तिथलं मंदिर पडलं ते जग निर्माण झाल्यापासूनच्या वर्षी ३३३८, म्हणजे दीडशेच्या वर वर्षं नंतर. मग खोटं कोण.

खोटं कोणी नाही. मी बँकेत ३१ वर्षं काढली, तेव्हा टोटल जुळली नाही की कोणाची तरी चूक हे डोक्यात पक्कं बसलेलं, आणि तिथेच माझा घात झाला. (आधी सांगून ठेवते, मला हिब्रू येत नाही, मी कोणी पंडित नाही, निवृत्तीनंतर नाद लागला एवढंच. पाळक सांगतील त्यापुढे माझं म्हणणं रेटू नकोस.)

९८-९५चं आधी उरकते. आपण पोराचं वय दोन तऱ्हेने सांगतो ना, 'पाचवं लागलं' आणि 'पाच पूर्ण झाली'. उत्तरेकडचं इस्राएल 'लागलेलं' मोजायचं. राजा गादीवर आला की वर्षाचे चारच महिने उरलेले असले तरी ते त्याचं पहिलं वर्ष, आणि तेच वर्ष मेलेल्या राजाच्या खात्यावरही पडलेलं असतं. म्हणजे डबल एंट्री. जिम्री राजाचे सात दिवस सोडले तर राजे आठ, आठ वर्षं जास्त, ९८ मधून ८ गेले ९०. यहूदात नवीन वर्ष उजाडल्यावर पहिलं धरायचे, त्यामुळे डबल एंट्री नाही, पण आसा राजाचे पाय दुखणाईत झाल्यावर यहोशाफाट बाप जिवंत असतानाच कारभार बघू लागला असं मानतात, ती तीन वर्षं दोघांच्या नावावर, मग राहिली ९२. आणि आता गंमत. यहूदाच्या यहोरामाने इस्राएलचा राजा अहाब याची मुलगी केली, आणि त्याच्यापासून यहूदाने सासुरवाडीची मोजणी उचलली. त्याचं एक जास्त, त्याच्या मुलाचं अहज्याचं एक जास्त, राहिली ९०. झाली टोटल! पटत नसेल तर २ राजे ८:२५ आणि ९:२९ शेजारी ठेवून वाच, अहज्या गादीवर आला ते इस्राएलच्या योराम राजाचं एका ठिकाणी बारावं वर्ष, दुसऱ्या ठिकाणी अकरावं. मी कित्येक वर्षं ती नकलणाऱ्याची चूक समजत होते.

ही मांडणी एडविन थील या अभ्यासकांची. सगळ्या विद्वानांना त्यांचं सगळं पटत नाही, विशेषतः पुढच्या काळातली बाप-लेकांची एकत्र राज्यं, 'जिथे जुळत नाही तिथे दोघांना एका गादीवर बसवायचं' अशी टीका होते आणि ती अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. पण येहूपर्यंतचा हा तुकडा घट्ट आहे, कारण बाहेरचा पुरावा आहे. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर, त्याच्या सहाव्या वर्षी कर्करच्या लढाईत समोर अहाब आहे आणि अठराव्या वर्षी येहू खंडणी देतो. म्हणजे इ.स.पू. ८५३ आणि ८४१, मधे बारा वर्षं. बायबलात मधल्या दोन राजांची २ आणि १२ मिळून चौदा. दोघांचं 'लागलेलं' एकेक काढ, बारा. हे कोरलेल्या दोन्ही शिळा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, काळ्या शिळेवर येहू किंवा त्याचा माणूस जमिनीला नाक लावून वाकलेला कोरलाय तो फोटो तुझ्या तक्त्यात नक्की टाक, मुलांना तारखांपेक्षा तो लक्षात राहतो.

आता माझा मूर्खपणा, ज्यासाठी एवढं लिहायला बसले.

हे ८५३ कशावरून, तर अश्शूरच्या लोकांनी दर वर्षाला एकेका अधिकाऱ्याचं नाव दिलेलं, त्या याद्या सापडल्यात, आणि बुर-सगाले नावाच्या अधिकाऱ्याच्या वर्षी सीमानु महिन्यात सूर्यग्रहण झालं असं त्यात लिहिलंय. ते ग्रहण इ.स.पू. ७६३, १५ जून. या एका खिळ्यावर अख्खी यादी टांगलेली. मला वाटलं आपण स्वतः ताडून बघू. नासाची ग्रहणांची यादी इंटरनेटवर उघडली, त्यात ते ग्रहण दिसलं, वर्ष लिहिलेलं -०७६२. वजा ७६२ म्हणजे इ.स.पू. ७६२, नाही का? मी तर उडालेच. सगळी पुस्तकं एका वर्षाने चुकलीत आणि मला सापडलं!

मग काय, सगळ्या तारखा एकेक वर्ष खाली ओढल्या. ८५३चं ८५२, ८४१चं ८४०, ५९७चं ५९६. आणि ५८७ ओढलं तर आलं ५८६. इथेच मेले मी, कारण ५८६ तर निम्म्या पुस्तकांत छापलेलंच आहे, म्हणजे मला पुरावाच मिळाला की. चूक चुकून एखाद्या बरोबर आकड्याला जाऊन टेकली की मग ती कोणी सोडवू शकत नाही, बँकेत हे शंभर वेळा बघितलेलं, पण स्वतःच्या वहीत दिसलं नाही.

झालं असं की तेव्हा मी एका संस्थेचा पत्राने करायचा धर्मशास्त्राचा कोर्स करत होते (नाव घेत नाही, चांगली माणसंही आहेत तिथे), शेवटच्या प्रोजेक्टला हाच कालपट दिला, ४० पानं हाताने लिहिलेली. परत आला. शेरा, 'तारखा अभ्याससाहित्याशी जुळत नाहीत.' कुठल्या तारखा, किती, काही नाही. बरं, त्यांच्याच साहित्यात तिसऱ्या घटकात ५८६ आणि सातव्यात ५८७. ते दाखवायला स्वतः गेले तर काउंटरवरच्या बाईंनी वर न बघता सांगितलं, सर रजेवर आहेत, लेखी द्या. लेखी दिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, 'तारखा अभ्याससाहित्याशी जुळत नाहीत.' तेच वाक्य, वर नवीन जावक क्रमांक! दुसऱ्यांदा पाठवला, दुसऱ्यांदा परत, मधे वर्ष उलटलं म्हणून पुन्हा नोंदणी, पुन्हा फी. चौदा महिने गेले. एका माणसाने एकदा ७६२ वर पेन्सिलने गोल केला असता तर काम झालं असतं. चूक माझी होती हे मान्य आहे, पण तपासणाऱ्याने ती वाचलीच नव्हती याची मला आजही खात्री आहे. असो.

सापडली कशी, तर भाचा घरी आला होता, त्याला दुर्बिणीचा नाद. मी ऐटीत वही दाखवली. तो म्हणाला, "मावशी, हे खगोलवाल्यांचं वर्ष आहे, ह्यांच्यात शून्य असतं." म्हणजे असं, इतिहासात इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १, मधे शून्य नाही. खगोलवाले गणिताच्या सोयीसाठी इ.स.पू. १ ला शून्य म्हणतात, इ.स.पू. २ ला वजा एक. म्हणून त्यांचं वजा ७६२ म्हणजे आपलं इ.स.पू. ७६३. पाच सेकंदात संपलं! ह्यांनी आतून विचारलं, "झालं का मग चौदा महिन्यांचं?" त्या दिवशी स्वयंपाक केला नाही मी.

आणि त्याहून मोठी चूक मला नंतर कळली. ग्रहण खरंच सरकलं असतं तरी ५८७ हलायचं कारणच नव्हतं, कारण बाबेलचा (बॅबिलोनचा) धागा वेगळ्या खुंटीला बांधलाय. तिथला राजा नबुखद्नेस्सर, त्याच्या ३७व्या वर्षाच्या चंद्र-ग्रहांच्या नोंदींची मातीची पाटी आहे, त्या नोंदी इ.स.पू. ५६८-५६७ ला बसतात. आणि बाबेलच्या बखरीत त्याच्या सातव्या वर्षी, अदार महिन्याच्या २ तारखेला यरुशलेम घेतल्याचं लिहिलंय, म्हणजे १६ मार्च ५९७, यहूदाचा राजा यहोयाखीन याला धरून नेलं ते. बायबलातल्या घटनेला बाहेरून अशी दिवसासकट तारीख मिळणं दुर्मीळ. ती पाटी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यामुळे त्याआधीचं जुनं पुस्तक हाताशी असेल तर जपून.

मग शेवटच्या पाडावाचं ५८७ की ५८६? बखरीचा तो पुढचा भाग सापडलेला नाही, म्हणून वाद. यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया, त्याचं अकरावं वर्ष, पण वर्ष सुरू कधी होतं? निसानात म्हणजे आपल्या पाडव्याच्या सुमारास, की तिशरीत म्हणजे दसरा-दिवाळीकडे? आपला शक पाडव्याला बदलतो आणि गुजराती व्यापाऱ्यांचं संवत दिवाळीला, तसंच. निसान धरलंस तर ५८७कडे जातोस, तिशरी धरलंस तर ५८६. शिवाय २ राजे २५:८ म्हणतं नबुखद्नेस्सराचं १९वं वर्ष आणि यिर्मया ५२:२९ म्हणतं १८वं, तिथेही बहुधा तेच लागलेलं-पूर्ण. माझं मत ५८७, पण पैज लावणार नाही.

काकांचं ३३३८ वेगळ्या जातीचं आहे, त्याला या वादात ओढू नकोस. त्यांची परंपरा दुसऱ्या शतकातल्या रब्बी योसे बेन हलाफ्तांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या 'सेदेर ओलाम' ग्रंथावरून येते. तिथे दुसरं मंदिर ४२० वर्षं उभं आणि त्याआधी ७० वर्षं उजाड, मिळून ४९०, म्हणजे दानीएलाच्या पुस्तकातली सत्तर सप्तकं, सत्तर गुणिले सात. दुसरं मंदिर पडलं इ.स. ७०. मागे ४९० मोज, इ.स.पू. ४२१ येतं, त्यातही वर्ष-दोन वर्षांचा इकडेतिकडे फरक आहेच. यात मंदिर पुन्हा बांधल्यापासून सिकंदरापर्यंतचा पारशी काळ अवघा ३४ वर्षांचा, इतिहासकारांच्या मते तो दोनशेच्या जवळपास. बराचसा फरक तिथला. काकांना हे ऐकवायला जाऊ नकोस, ते पाळतात तो उपासाचा दिवस, आव महिन्याची नवमी, तो दोन्ही हिशोबांत तोच राहतो. यहोवाचे साक्षीदार पंथाचे लोक पाडावाला ६०७ धरतात, तेही बंदिवासाची ७० वर्षं ५३७ पासून मागे मोजून. कोण कुठून मोजायला निघालं ते कळलं की भांडण निम्मं होतं.

आजोबांच्या इंग्रजी बायबलात समासात जगाच्या निर्मितीला इ.स.पू. ४००४ छापलेलं होतं, आर्चबिशप अशर यांचं, ते मी लहानपणी देवाने छापलेलं समजायचे. पण त्यांच्याआधीही आकडे एक नव्हतेच. हिब्रू पाठात आदामापासून जलप्रलयापर्यंत १६५६ वर्षं, ग्रीकमध्ये २२४२, आणि ग्रीकच्या काही प्रतींत तर बेरीज केली की नोहाचा आजोबा मथुशलह प्रलयानंतर १४ वर्षं जगतो, नोहाच्या तारवात नसून! आपले मथुशलह पोहत असणार. तुझ्या तक्त्यात शलमोनाच्या आधी अंकच घालू नकोस असं माझं स्पष्ट मत. मिसरातून निर्गम इ.स.पू. १४४६ की इ.स.पू. तेराव्या शतकात, हे हॉलच्या भिंतीवर सुटणारं नाही.

आणि कृपा करून दोन पुस्तकांतून तारखा उचलू नकोस. राज्य फुटलं ते थील ९३१ धरतात, दुसरे अभ्यासक ऑल्ब्राइट ९२२. एकाकडून शलमोनाची सुरुवात ९७० घेतलीस आणि दुसऱ्याकडून शेवट ९२२ घेतलास तर चाळीस वर्षं राज्य केलेला माणूस अठ्ठेचाळीस वर्षं बसतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक तारखेपुढे एक बारीक कॉलम ठेव, कोणाची मोजणी, लागलेलं की पूर्ण, पाडवा की दिवाळी. फ्लेक्स शेवटी छाप, माझा बारा फुटी फ्लेक्स अजून माळ्यावर आहे, पावसात कौलांवर टाकायला बरा पडतो.

एक्सेलमध्ये करत असशील तर इ.स.पू.चे आकडे वजा घालून इ.स.च्या आकड्यांतून वजाबाकी केलीस की एक वर्ष जास्त येणार, तिथे एक कमी करायचं.

तक्ता झाला की इथेच फोटो टाक, आधी मला अहाबाचा मृत्यू आणि येहू यांच्यामधे किती वर्षं धरलीस ते बघायचंय.