बदली सेफ्टी बघताना

अरे, अमेरिकन फुटबॉलमध्ये बदली सेफ्टीला (बचावात सगळ्यात मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूला) त्याच्या टॅकलवरून, म्हणजे चेंडूवाल्याला पाडण्यावरून, जोखू नकोस. सगळ्यात मागचा माणूस सारखा टॅकल करतोय म्हणजे बऱ्याचदा पुढे भगदाड पडलेलं असतं. डिसेंबर 2016 मध्ये सिअ‍ॅटलच्या सेफ्टी अर्ल थॉमसचा पाय मोडला, तोही आपल्याच संघातल्या कॅम चॅन्सेलरशी धडकून! जागेवर स्टीव्हन टेरेल आला. पुढच्याच सामन्यात ग्रीन बे संघाने सुरुवातीलाच 66 यार्डांचा टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारा) काढला आणि 38-10 ने जिंकला. खापर एकट्या टेरेलवर फोडू नको, त्याच्याच संघाच्या पास फेकणाऱ्या रसेल विल्सनने पाच इंटरसेप्शन दिली होती, म्हणजे पाच पास समोरच्यांच्या हातात गेले होते. पण थॉमस एकटा मागची सगळी मधली बाजू राखायचा, म्हणून बाकीचे बिनधास्त पुढे खेळायचे. तेव्हा स्नॅपआधी (चेंडू मागे देऊन खेळी सुरू होण्याआधी) मोज, एरवी एक सेफ्टी मागे ठेवणारा संघ आता दोन ठेवतोय का? टीव्हीवर सेफ्टी फ्रेमबाहेर जातो. उंचावरून घेतलेला रिप्लेच बघ.