वाचकांचे प्रश्न : ‘भारत माझा देश आहे’ म्हणताना

शाळेच्या परिपाठातल्या प्रतिज्ञेविषयी शिक्षकांची आणि पालकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : आमच्या शाळेत मुले प्रतिज्ञा रोज म्हणतात, पण भराभर, एका रडक्या सुरात. शेवटच्या ओळी तर ऐकूच येत नाहीत. अर्थ विचारला की सगळी गप्प. काय करावे?
— प्राथमिक शिक्षिका, सांगली जिल्हा

ताई, दोष मुलांच्या निष्ठेत नाही, श्वासात आहे. मराठी प्रतिज्ञेत आठ वाक्ये आणि जेमतेम सत्तर शब्द आहेत. पहिली तीन वाक्ये चार-पाच शब्दांची. त्यांवर मुले वेग पकडतात. चौथे वाक्य एकदम दहा शब्दांचे, पाचवे आणि सहावे तेराचे. त्याच वेगात तिथे पोहोचले की श्वास संपतो, जिथे संपतो तिथे वाक्य तुटते आणि शेपूट गिळले जाते. म्हणून ‘सदैव प्रयत्न करीन’ हे शब्द ऐकू येत नाहीत. खरे वचन तर त्यांतच आहे.

उपाय म्हणजे थांबे ठरवून देणे. फळ्यावर प्रतिज्ञा लिहून तिरक्या रेघांनी ते दाखवा : ‘त्या परंपरांचा पाईक होण्याची / पात्रता माझ्या अंगी यावी / म्हणून मी सदैव प्रयत्न करीन.’ सातव्या वाक्यात ‘माझा देश आणि माझे देशबांधव / यांच्याशी निष्ठा राखण्याची / मी प्रतिज्ञा करीत आहे’. संथपणे म्हटली तर सबंध प्रतिज्ञेला पाऊण मिनिट किंवा थोडे अधिक लागते. घड्याळ लावून पाहा. पंचवीस सेकंदांत संपत असेल, तर मुले फक्त चाल म्हणत आहेत.

दुसरी अडचण मैदानाची. सांगणारा विद्यार्थी पुढे आणि रांगा लांबवर असतील, तर मागच्यांना आवाज उशिरा पोहोचतो आणि शाळा दोन तुकड्यांत म्हणू लागते. सांगणाऱ्याला रांगांच्या बाजूला, मधोमध उभे करा. पहिली-दुसरीला एकेक तुकडा सांगून मागून म्हणवून घ्या. वेळ दुप्पट जाईल, पण जाऊ द्या. सांगायला रोज नवे मूल असावे, नेहमीचेच खणखणीत आवाजाचे नको. अडखळत बोलणारी मुले समूहात बहुधा न अडखळता म्हणतात. अशा मुलाला जोडीदार देऊन पुढे बोलवा.

अर्थासाठी वेगळा तास नको. परिपाठ संपून मुले वर्गात आली की रोज एक वाक्य घ्या. आठ दिवसांत आठ वाक्ये होतात. अर्थ सांगू नका, प्रश्न विचारा. तुमच्या भागात ऊसतोडीला बीडकडची कुटुंबे येतात. त्यांची मुले हंगामापुरती तुमच्याच वर्गात बसत असतील. ‘सारे भारतीय माझे बांधव’ या दिवशी एवढेच विचारा : काल मधल्या सुट्टीत त्या मुलांना खेळायला कोणी घेतले? सहाव्या वाक्यातल्या ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ याची परीक्षा पोषण आहाराच्या रांगेत रोज होते. खिचडी वाढणाऱ्या ताईंशी मुले कशी बोलतात, ते मुलांनाच सांगू द्या. चुकले म्हणून पुन्हा पुन्हा प्रतिज्ञा म्हणायला लावणे किंवा शंभरदा लिहायला देणे मात्र कटाक्षाने टाळा. शिक्षा म्हणून लिहिलेले वचन मुलांना आयुष्यभर शिक्षाच वाटते.

प्रश्न : मुलाच्या वर्गातली एक मुलगी धार्मिक कारणाने राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा म्हणत नाही, शांत उभी राहते. शाळा तिला काढून टाकण्याची भाषा करते आहे. असे करता येते का?
— पालक, पुणे

नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ऑगस्ट 1986 मध्येच निकाली काढला. केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेने काढून टाकले होते. ती यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, गात नसत. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही आणि आदराने उभे राहून न गाणे हा अनादर नाही. मुलांना काढून टाकणे अनुच्छेद 19 मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि अनुच्छेद 25 मधील धर्मस्वातंत्र्य यांचा भंग ठरवून त्यांना परत प्रवेश देण्याचा आदेश झाला.

शाळा कधी कधी 1971 च्या राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविरुद्धच्या कायद्याचा धाक घालते. त्या कायद्यात गुन्हा आहे तो राष्ट्रगीत गाण्यास हेतुपुरस्सर अडथळा आणणे किंवा गाणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणे हा. गप्प उभे राहणे नाही. प्रतिज्ञेचा तर त्यात उल्लेखही नाही. अनुच्छेद 51-क मध्ये राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर करणे हे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे, पण तिथेही शब्द ‘आदर’ आहे.

मुलीच्या पालकांनी मुख्याध्यापकांना साधे पत्र द्यावे : मुलगी आदराने उभी राहील, म्हणणार नाही, कारण अमुक. सोबत निकालाचे नाव आणि वर्ष लिहावे, पोच घ्यावी. शाळेनेही एक पथ्य पाळावे. तिला रांगेतून वेगळी काढून उभी करू नये. सगळ्या वर्गासमोर तिला परकी ठरवायचे आणि त्याच तोंडाने ‘सारे भारतीय माझे बांधव’ म्हणवून घ्यायचे, हे शाळेला शोभत नाही.

प्रश्न : प्रतिज्ञेच्या वेळी हात पुढे धरण्याचा नियम आहे का?
— निवृत्त शिक्षक, नागपूर

उजवा हात खांद्याच्या रेषेत समोर धरण्याची पद्धत सर्वत्र रुळलेली आहे, पण ती पद्धत आहे, कायदा नाही. हात दुखणारे किंवा व्हीलचेअरवरचे मूल त्यातून आपोआप मोकळे असावे. मुले दाटीवाटीने उभी असतील तर पुढच्याच्या पाठीला हात लागतो आणि तिथून खिदळणे सुरू होते. रांगेत हातभर अंतर आधीच घ्या. ‘सावधान’ झाल्यावर घेऊ नका, तेव्हा उशीर झालेला असतो.

प्रश्न : ही प्रतिज्ञा कोणी लिहिली? ती घटनेचा भाग आहे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड

घटनेचा भाग नाही. ती लिहिली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी, 1962 मध्ये, तेलुगूत. मूळचे ते नलगोंडा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या तेलंगणातले. तेव्हा विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. तिथले राजकीय नेते तेन्नेटी विश्वनाथम यांच्यामार्फत मजकूर आंध्रचे शिक्षणमंत्री पी. व्ही. जी. राजू यांच्याकडे गेला आणि 1963 मध्ये तिथल्या शाळांत म्हटला जाऊ लागला. 1964 मध्ये तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री एम. सी. छागला यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक बंगळूरला झाली. तिथे ही प्रतिज्ञा देशभर घेण्याचे ठरले, आणि 26 जानेवारी 1965 पासून ती देशभर सुरू झाली. सुब्बाराव 1988 मध्ये गेले. कोट्यवधी मुलांच्या तोंडी आपले शब्द असलेला हा माणूस आपल्याकडे जवळपास अनोळखी राहिला, याची खंत वाटते. परिपाठात दिनविशेष सांगता, तेव्हा 26 जानेवारीच्या आठवड्यात त्यांचे नाव जरूर घ्या.

या मजकुराची खरी थोरवी दुसरीकडे आहे. अमेरिकेतल्या शाळांची प्रतिज्ञा 1892 मध्ये फ्रान्सिस बेलामी यांनी लिहिली. ती निष्ठा वाहते ध्वजाला आणि प्रजासत्ताकाला. आपल्या प्रतिज्ञेत ध्वज नाही, राज्यकर्ते नाहीत, शत्रूही नाही. देश आहे आणि लगेच त्याच्या शेजारी देशबांधव आहेत. शेवटचे वाक्य तर माणसांच्या कल्याणावरच थांबते. भाषा, धर्म, जात वेगळी असलेल्या मुलांना राष्ट्र म्हणजे काय हे सांगायचे, तर याहून स्वच्छ मांडणी सापडणे कठीण. म्हणूनच ती तोंडपाठ झाली की काम झाले, असे समजणे आम्हाला पटत नाही.

प्रश्न : राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका : हे सगळे परिपाठात बसवायचे कसे?
— मुख्याध्यापक, कोल्हापूर जिल्हा

बसते. राष्ट्रगीताला सुमारे 52 सेकंद लागतात. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीत झाले. त्यातली दोन कडवी घेतली असून ती पावणेदोन मिनिटांच्या आत होतात. प्रतिज्ञेला पाऊण ते एक मिनिट, उद्देशिकेला साधारण तेवढेच. सारे मिळून पाच मिनिटे. परिपाठ लांबतो तो सूचना आणि भाषणे यांनी. सूचना वर्गात द्या, विशेषतः उन्हाळ्यात.

उद्देशिका मात्र पाठ म्हणण्यापेक्षा वाचून घ्या. ‘आम्ही, भारताचे लोक’ इथून ‘स्वतःप्रत अर्पण करत आहोत’पर्यंत ते एकच लांबलचक वाक्य आहे. कर्ता आणि क्रियापद यांत एवढे अंतर असल्यामुळे पाठ म्हणताना मधला मजकूर हमखास पुढेमागे होतो. बालभारतीच्या पुस्तकात ती सुरुवातीच्याच पानांवर छापलेली असते. ते पान उघडून वाचायला लावा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, नागरिक अजून भारताचेच. मुलगी शाळेत रोज अमेरिकेची प्रतिज्ञा म्हणते. तिने म्हणावी का? नाही म्हटली तर अडचण येईल का?
— पालक, एडिसन

अडचण येऊ नये. 1943 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विरुद्ध बार्नेट या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतली सक्ती बेकायदा ठरवली. न्यू जर्सीत तर न म्हणणाऱ्या मुलाने निदान उभे राहावे ही अटही 1978 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने रद्द केली. हे सरकारी शाळांपुरते. खासगी शाळेचे नियम वेगळे असू शकतात. मुलगी नागरिक नसल्यामुळे तिला परदेशी ध्वजाला निष्ठा वाहणे अवघड वाटत असेल, तर वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षिकेला दोन ओळींचा ईमेल पाठवा : ती शांत उभी राहील, म्हणणार नाही. कारण द्यायचे बंधन नाही, पण दिलेत तर शिक्षिकेला सोपे जाते.

तिला म्हणावीशी वाटत असेल तर अडवू नका. शाळेत म्हटलेल्या या ओळींनी तिचे भारतीय नागरिकत्व बदलत नाही. नागरिकत्वाची शपथ ही अगदी वेगळी, कायदेशीर गोष्ट आहे. आपली प्रतिज्ञाही तिला घरी शिकवा. मराठी वाचता येत नसेल तर ऐकून शिकेल. सुरुवात पहिल्या तीन वाक्यांनी करा.