पतसंस्थेच्या सभासदांना ब्लॉकचेन समजावायची आहे. कोणती चित्रं दाखवू?

तुम्ही लिहिलंय की समोर बहुतेक साठीच्या पुढचे सभासद आहेत, हातात अर्धा तास आहे आणि स्लाइडवर काय ठेवावं ते सुचत नाही. ब्लॉकचेन म्हणजे पानं एकमेकांना जोडलेली आणि अनेकांकडे प्रत असलेली हिशेबाची डिजिटल वही. स्लाइडवर काय ठेवू नका ते आधी सांगतो: साखळी आणि कुलूप.

प्रशिक्षणासाठी चित्रं काढणं हे माझं रोजचं काम. ब्लॉकचेनवर पहिल्यांदा बोलायची वेळ आली तेव्हा मीही तीच निळी चकचकीत साखळी काढली होती, कडी-कडीला कुलूप. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "मग किल्ली कोणाकडे असते?" मी गप्प. बिटकॉइन हे डिजिटल चलन ब्लॉकचेनवरच चालतं, आणि त्याच्या नोंदी कुलपात नसतातच, जगात कोणालाही वाचता येतात. किल्ली असते, पण ती पैसे पाठवताना सही करायची. वही उघडायची नव्हे. काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्या चित्राने त्यांना भलत्याच दारापाशी नेऊन उभं केलं होतं.

तेव्हापासून मी वही काढतो. पानाच्या तळाशी बेरीज आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर तीच रक्कम, 'मागील पानावरून'. ज्याने कधी भिशीचा हिशेब ठेवलाय त्याला साखळी म्हणजे काय ते इथेच कळतं. मग सगळ्यांच्या देखत दुसऱ्या पानावरचे 500 खोडून 5000 करायचे. तळाची बेरीज बदलली, तिसऱ्या पानाचा माथा जुळेना, मग चौथ्याचा. बाण मात्र नव्या पानाकडून जुन्याकडे काढा. मागचं पान पुढच्याला ओळखत नसतं, पुढचं मागच्याला धरून असतं.

इथे एखादे निवृत्त हेडक्लार्क हमखास हात वर करतात: एकाच्या नावचे 500 कमी करून शेजारच्याच्या नावावर टाकले, तर बेरीज तीच राहील की! त्यांना बिनधास्त शाबासकी द्या, कारण हॅश समजावायची वाट त्यांनीच मोकळी करून दिलेली असते. हॅश म्हणजे पानावरच्या प्रत्येक अक्षराची, नावाची, स्वल्पविरामाचीसुद्धा दखल घेणारी खूण. एक काना इकडचा तिकडे झाला तरी खूण पार बदलते. ब्लॉकचेनमध्ये पुढच्या पानाच्या माथ्यावर बेरजेऐवजी हीच खूण जाते.

आता ही खूण दाखवायची कशी? बिटकॉइनमध्ये हॅश काढायला एसएचए-256 नावाची पद्धत वापरतात, त्याची हॅश लिहिली की 64 चिन्हांची होते. ती स्लाइडवर टाकलीत तर लोक चहाच्या किटलीकडे बघू लागतील. मी तिचा रंग करतो. हॅश 0 ते 9 आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत लिहितात आणि वेबसाइटवरच्या रंगांचे सहा अंकी कोडही त्याच चिन्हांत असतात. म्हणून हॅशची सहा चिन्हं घ्यायची आणि पानाला तो रंग द्यायचा. नाव बदललं की डाळिंबी पान एकदम शेवाळी होतं, मग समजावायला फार उरत नाही. सहा चिन्हं शेवटची घ्या, पहिली नव्हे. मी पहिली घेतली आणि बिटकॉइनचे सगळे ब्लॉक, म्हणजे त्याच्या वहीची पानं, काळेकुट्ट आले. खाणकामाच्या, म्हणजे वहीत नवं पान जोडण्याच्या कामाच्या, नियमामुळे त्यांच्या हॅशची सुरुवातच शून्यांनी होते. 3 जानेवारी 2009 च्या पहिल्यावहिल्या ब्लॉकच्या हॅशचा शेवट 8सीई26एफ असा आहे. म्हणजे छान पोपटी.

एकाच वहीच्या अनेक प्रती असतात, हे स्लाइडवर सांगूच नका. चार जणांना झेरॉक्स वाटा आणि एकाला गुपचूप खाडाखोड करायला लावा. बाकीचे तिघे त्याला लगेच पकडतात, हशाही पिकतो. जोडीला एक खरी गोष्ट सांगा. कागदपत्रांवर कोणाला बदलता येणार नाही असा तारखेचा शिक्का कसा मारायचा, हे स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी 1991 मध्ये, बिटकॉइनच्या कितीतरी आधी, मांडलं होतं. पुढे 1995 पासून त्यांच्या कंपनीने आपल्या नोंदींची हॅश दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. आकडा बदलायचा तर घरोघरची रद्दी गोळा करावी लागेल! वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या त्या चौकोनाचं चित्र मी साखळीच्या जागी लावतो.

एक पान मात्र मुद्दाम खोटं ठेवा: न भरलेला हप्ता 'भरला' म्हणून लिहिलेला, रंग जुळणारा, सगळ्या प्रतींत सारखा. आधीच खोटं लिहिलं तर काय, हे कोणीतरी विचारतंच. तर ते खोटंही तितक्याच पक्केपणी टिकतं, हे त्या पानावर बोट ठेवून सांगा.

रंगीत पानं शक्यतो पुठ्ठ्यावर छापून न्या. सभागृहातल्या प्रोजेक्टरवर माझा पोपटी पांढराफटक दिसला होता. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांच्यासाठी न जुळणाऱ्या पानावर मोठी फुलीही मारा.