अप्राचलीय चाचणी निवडण्याआधी
अप्राचलीय चाचणी म्हणजे मापनांचे वितरण ठरावीक आकाराचे आहे असे गृहीत न धरणारी संख्याशास्त्रीय चाचणी. स्ट्रूप प्रयोगातील (रंगाचे नाव वेगळ्याच रंगात लिहून तो रंग ओळखायला लावणाऱ्या प्रयोगातील) प्रतिसादकाळ हाताशी असतील, तर प्रथम पाहा की दोन्ही मापने त्याच व्यक्तींची आहेत की वेगळ्या गटांची. त्याच व्यक्ती असतील तर विल्कॉक्सनची चिन्हांकित क्रम चाचणी घ्यावी, स्वतंत्र गट असतील तर मान-व्हिटनी. नवख्यांची चूक बहुधा इथेच होते आणि सॉफ्टवेअर ती दाखवत नाही.

‘नमुना लहान, म्हणून अप्राचलीय चाचणी पुरेशी’ हा समज मात्र कृपया सोडा. जोड्या पाचच असतील, तर पाचही फरक एकाच दिशेचे निघाले तरी विल्कॉक्सनचे द्विपुच्छ (दोन्ही दिशांचा फरक धरणारे) पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने किमान इतका फरक दिसण्याची शक्यता, ०.०६२५ च्या खाली जात नाही; म्हणजे सार्थकतेची रूढ ०.०५ ची पातळी गाठणे मुळातच अशक्य असते. त्यामुळे सहभागींची संख्या प्रयोगापूर्वीच ठरवा.

मान-व्हिटनी मध्यकांची (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणाऱ्या मूल्यांची) तुलना करते, असे सरसकट लिहू नका. दोन्ही वितरणांचा आकार सारखा असेल तरच ते खरे ठरते. तीन किंवा अधिक स्वतंत्र गटांसाठीच्या क्रुस्कल-वॉलिस चाचणीकडे तूर्त वळू नका.