सगळे कास कास करतात, मला तर आधी गवतच दिसलं

तुम्ही विचारलंय की ज्या ठिकाणाला सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय तिथे जाऊन तुम्हाला काहीच वाटलं नाही, आणि घरी आल्यावर मात्र विचारेल त्याला "मस्त होतं" म्हणून सांगत सुटलात, तर असं फक्त तुमचंच होतं का. अहो नाही हो, अजिबात नाही. माझं कास पठाराच्या बाबतीत अगदी हेच झालं आणि मी त्यावर नको तेवढा विचार केलाय, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला राहतो. सप्टेंबर आला की सोसायटीच्या ग्रुपवर कासचे फोटो सुरू होतात, गुलाबी गालिचा, जांभळा गालिचा, मागे ढग उतरलेले. साताऱ्यापासून साधारण 25 किलोमीटर, 2012 ला युनेस्कोच्या यादीत गेलं, 850 च्या वर जातींच्या फुलवनस्पती, हे सगळं त्या फोटोंखाली असतंच. मग आम्ही पण मिनीबस केली, गणपती झाल्यावरचा रविवार धरला आणि मध्यरात्रीच माजिवड्याहून निघालो कारण एक्स्प्रेसवेला सकाळी काय होतं ते सगळ्यांना माहितीये. पार्किंगला गाडी लावायची, तिथून दुसऱ्या बसने गेटपर्यंत, मग ऑनलाइन घेतलेल्या स्लॉटप्रमाणे आत. आत गेलो तर समोर गवत. हिरवंगार, ओलं, चांगलं गवत, मधे मधे काळपट कातळ आणि कुठेतरी लांबवर गुलाबी झाक. मागून कोणीतरी म्हणालं "अजून पुढे असेल". पुढे पण तेच. मग धुकं आलं आणि तेही दिसेनासं झालं.

आमच्या सासूबाई राजापूरकडच्या. त्यांनी पाच मिनिटांत निकाल लावला, "अगं हा तेरडाच ना? गौरीला आणायला आम्ही सड्यावर जायचो तिथे याच्यापेक्षा जास्त असायचा, आणि तिकीट नव्हतं." बसमध्ये सगळे हसले पण त्या काही फार चुकीचं बोलत नव्हत्या. गौरीचा तेरडा वेगळा, तो चांगला उंच वाढतो, कासला जो गुलाबी दिसतो तो बुटका, दुसऱ्या जातीचा. पण कोकणातला सडा काय आणि कास काय, दोन्ही जांभ्याचे कातळच, त्यामुळे त्यांना पावसाळ्यातलं ते सगळं ओळखीचं वाटणारच.

आता गंमत बघा, फोटो खोटे नसतात. मला घरी येऊन कळलं की घोळ कुठे आहे. फोटोवाला जमिनीला पोट लावून फोटो काढतो. तिरक्या नजरेने बघितलं की पुढचं फूल मागच्या फुलाला चिकटल्यासारखं दिसतं, मधलं गवत झाकलं जातं, झूम लावला की आणखी दाट वाटतं, आणि झाला गालिचा. आपण उभे राहून वरून बघतो, आपल्याला दोन फुलांमधली जागाच जास्त दिसते. म्हणजे तो फोटो बघून आपण जे बघायला जातो ते उभ्या माणसाला दिसतच नाही, निदान आम्ही गेलो त्या दिवशी तरी नाही.

आणि फुलं लहान असणार हे पण ठरलेलंच आहे. कातळावर मातीचा नुसता पातळ थर, पावसाळ्यात त्यावर पाणी साचून राहतं आणि उन्हाळ्यात दगड तापून निघतो. मोठं झाड तिथे उभं राहणार कसं? जे काय उगवायचं, फुलायचं, बी धरायचं ते पावसाच्या मोजक्या महिन्यांत उरकायचं. त्यात मातीत खायला काही नाही, म्हणून काही वनस्पती चक्क किडे खातात. सीतेची आसवं म्हणून एक फूल आहे, नखाएवढं, निळसर जांभळं, मधे पांढुरका ठिपका. ते मी बघितलं ते पण मुलीच्या चपलेचा पट्टा लावायला खाली बसले म्हणून. वरून एवढं नाजूक, आणि खाली ओल्या मातीत त्याच्या बारीक बारीक पिशव्या असतात, पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवी त्याला आत ओढून घेते. त्या दिवसभरात मला खरोखर आवडलेली गोष्ट तेवढी एकच, आणि तिचा गालिचाशी काही संबंध नाही.

दुसरं म्हणजे वेळ. तिथले रंग एकदम सगळे येत नाहीत, आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलतात, एकाचा बहर सरतो, दुसऱ्याचा येतो, आणि पाऊस मागेपुढे झाला की सगळंच मागेपुढे. ग्रुपवर मात्र गेल्या कितीतरी वर्षांचे सगळ्यात भारी फोटो एकत्र फिरत असतात. टोपली कारवी म्हणून तिथलं जे झुडूप आहे त्याचं तर विचारूच नका, ती सात वर्षांतून एकदा फुलते, पण फोटो दर वर्षी येतो.

आणि परत आल्यावर काय झालं सांगू? बसमधल्या एकाने पण लिहिलं नाही की गवत होतं. सगळ्यांनी बसून, वाकून, झूम करून काढलेले जे चार बरे फोटो होते तेच टाकले, "स्वर्ग!" असं लिहून. रात्रभर प्रवास, एवढा खर्च, पोरांच्या उलट्या, एवढं करून कोण लिहिणार की ठीकठाक होतं? म्हणून मला वाटतं तुमच्यासारखे गप्प राहिलेले भरपूर असतात, दिसत नाहीत एवढंच.

मी आता कुठेही जायच्या आधी फोटो बघतच नाही, कोणीतरी गेल्या दोन-चार दिवसांत चालता चालता काढलेला साधा हलता व्हिडिओ शोधते, ज्यात गर्दी, चिखल सगळं येतं. कासला जायचंच असेल तर आदल्या दिवशी साताऱ्याला मुक्काम करा, मधला वार धरा, गेटवर माणसं असतात त्यांना विचारा की सध्या काय फुललंय आणि कुठल्या बाजूला, आणि खाली बसायची तयारी ठेवा. गुडघे दुखणाऱ्या माणसांना नेऊ नका. उभं राहून फुलं बघायची असतील तर आमचं ठाण्याचं येऊरचं जंगल काय वाईट आहे, तिथली कारवी वेगळी, माणसाच्या उंचीची असते, आठ वर्षांतून एकदा फुलते खरी, पण 2016 ला फुलली होती तेव्हा उतारच्या उतार जांभळे होते आणि त्यासाठी साताऱ्याच्या वाटेवरचा खंबाटकी घाट ओलांडायला लागला नव्हता.

हे सगळं मी आमच्या नणंदबाईंना फोनवर पाऊण तास सांगितलं. त्यांनी रविवारचंच बुकिंग केलंय.