कान वाहतोय, तीन अँटिबायोटिक झाली, आता ऐकूही कमी येतंय

दादा, चार महिन्यांपासून डावा कान वाहतोय, फोन त्या कानाला लावला तर बोलणं समजत नाही, म्हणून तुम्ही आणखी स्ट्राँग गोळी विचारलीय. गोळी मी सांगणार नाही. आधी पुवाचा स्वॅब कल्चरला द्या (लॅबमध्ये जंतू वाढवून कुठलं औषध चालेल ते बघतात), तोही चौथं औषध सुरू करायच्या आत. नाहीतर कधीकधी जंतू उगवतच नाही आणि रिपोर्ट कोरा येतो.

मी नागपुरात बर्डीवर केमिस्टकडून ड्रॉप बदलत दीड वर्ष घालवलं. शेवटी रिपोर्ट आला: स्यूडोमोनास नावाचा जंतू, आणि औषधांच्या यादीपुढे एकाखाली एक 'आर'. म्हणजे रेझिस्टंट. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढेही आर, अन् डॉक्टरांनी ड्रॉप दिले नेमके तेच! वाटलं, बाप्पा, यांनी रिपोर्ट उघडलाच नाही. विचारल्यावर कळलं, लॅबचा आर गोळी-इंजेक्शनने रक्तात जेवढं औषध पोचतं त्या हिशेबाने असतो. ड्रॉपमध्ये त्याच्या शेकडो पट औषध थेट जागेवर पडतं. फक्त मधे पू साचलेला नको. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी सक्शनने कान साफ करून घेतला, खरा फरक तिथून पडला.

पडद्याला भोक आहे का, ते डॉक्टरांना दुर्बिणीतून बघू द्या. असेल तर घरात पडलेली जेंटामायसिन किंवा निओमायसिनची बाटली कानात रिकामी करू नका, ही औषधं आतल्या कानाची नस खराब करू शकतात. आणि लसणाचं तेल तर अजिबात नको, आई कितीही म्हणो.

ऐकण्यासाठी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. ग्राफवर हवेतून किती ऐकू येतं आणि हाडातून किती, अशा दोन रेघा येतात. हाडाची रेघ चांगली आणि हवेची खाली असेल, तर दोष पडद्यात किंवा आतल्या छोट्या हाडांत आहे. कान कोरडा झाल्यावर ऑपरेशनने यात बरंच परत येऊ शकतं, माझं आलं. दोन्ही रेघा सारख्याच खाली असतील तर नस गेलीय, ती सहसा परतत नाही, मग ऐकण्याचं मशीन.

शुगर आहे का तुम्हाला? असेल आणि रात्री झोप उडवणारं दुखत असेल, किंवा तोंड एका बाजूला वाकडं वाटलं, चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवा. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या ईएनटी (कान-नाक-घसा) ओपीडीला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, आणि जुन्या चिठ्ठ्यांसोबत वापरलेल्या ड्रॉपच्या बाटल्याही पिशवीत टाका.