डिपस्टिकच्या खुणा आणि बदललेला सम्प

प्रश्न : इंजिनला खोल सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), ऑइल कूलर आणि दुसऱ्या इंजिनाची डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची काडी) बसवली आहे. मूळ पुस्तकातल्या मापाने ऑइल भरलं, तर काडीवर ते खालच्या खुणेच्याही खाली दिसतं. कशावर विश्वास ठेवावा?

उत्तर : दोन्हींवर नको. पुस्तकातलं माप जुन्या सम्पचं आहे आणि काडी दुसऱ्याच इंजिनाची. खुणा नव्याने कराव्या लागतील.

जुनं ऑइल पूर्ण काढा, फिल्टर बदला, कूलरही रिकामा करा. सम्प बनवणाऱ्याने दिलेली क्षमता, अधिक फिल्टर, कूलर आणि होज यांत मावणारं ऑइल, ही एकूण बेरीज. त्यापेक्षा १ लिटर कमी भरा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, म्हणजे फिल्टर आणि कूलर भरतील. कूलरला थर्मोस्टॅट (ऑइल तापल्यावरच उघडणारा व्हॉल्व्ह) असेल तर तो उघडेपर्यंत चालवावं लागेल. इथेच बहुतेकांचं माप चुकतं. गाडी सपाट जागी ठेवून बंद करा, १० मिनिटांनी काडीवर कानशीने खालची खूण करा. उरलेलं १ लिटर घाला, थोडं थांबा, वरची खूण करा. नुसती मार्करची रेघ पुसली जाते.

ऑइल जास्त झालं तर क्रँकशाफ्ट त्यात आपटून फेस होतो, प्रेशर डळमळतं आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) ऑइल इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात जातं. कमी असेल तर लांब वळणावर पिकअप (सम्पमधून ऑइल ओढणारी पंपाची नळी) हवा ओढतो आणि बेअरिंग जातात.

ड्राय सम्प असेल, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत राहत असेल, तर हे सगळं विसरा. तिथे पातळी टाकीत, इंजिन गरम करून आणि सहसा चालू ठेवूनच पाहतात.